खेकड्याला पाय कमी

बायको जाऊन सात महिने झाले होते, तेव्हा माझा मेहुणा तिच्या वह्या मागायला आला.

आला तो दुकानात, आणि तेही एक गिऱ्हाईक कोटाची ट्रायल देत उभं असताना. परक्या माणसासमोर मी कुणाला नाही म्हणत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक. माझं लग्न झालं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. शाळेसाठी म्हणून आमच्याकडे आला तो नोकरी लागेपर्यंत राहिला. माझ्या खोडी त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

तो आणि आणखी सहा जण मिळून कॉम्प्युटरवरचा एक खेळ बनवतात. खेळणाऱ्यानं पाणबुड्या व्हायचं, डोक्याला दिवा लावून समुद्रात खाली खाली जायचं आणि बुडालेल्या जहाजांतून वस्तू शोधायच्या. खेळ बरा चालला होता, पण लोकांची एक तक्रार होती. समुद्र एवढा मोठा आणि मासे मोजून आठ. कितीही खोल जा, तोच निळा मासा आडवा येतो. एकानं लिहिलं होतं की हा मासा आता मला ओळखायला लागलाय, उद्या घरी जेवायला येईल. हे सांगताना मेहुणा हसला, पण त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. पुढच्या भागात चाळीस नवे जीव घातले नाहीत तर खेळ बंद करू, असं वरच्या कंपनीनं त्याला कळवलं होतं.

"ताईच्या वह्यांत आहेत ना," तो म्हणाला. "दीडशे तरी असतील."

एकशे त्र्याहत्तर. मी मोजले होते.

ती कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती, सव्वीस वर्षं. बरण्या पुसायच्या, आतलं औषध कमी झालं की भर घालायची, सुटलेली लेबलं चिकटवायची. त्या बरण्यांत समुद्रातले जीव ठेवलेले असत. दुपारी डबा खाऊन झाला की ती एक बरणी समोर घेऊन बसायची आणि पेन्सिलनं चित्र काढायची. चित्रकला कुठं शिकली नव्हती. तिचा नियम एकच, समोर आहे तेच काढायचं. खेकड्याचा पाय तुटलेला असेल तर चित्रातही तो तुटलेलाच. फळ्यावर काढताना प्रोफेसर मंडळी पाय पुरे करून काढायची. ती म्हणायची, "तो पुस्तकातला. मी ह्याला काढतेय. ह्याचा पाय कुणीतरी खाल्ला, मी कशाला लपवू?"

तिनं त्यांना नावंही ठेवली होती. एक खेकडा होता, त्याची एक नांगी ही एवढी आणि दुसरी चिमटीत मावेल अशी. शिवाय डावीकडचा एक पाय नाही. तो पैलवान. तळाशी पडून राहणारा एक चपटा मासा असतो, त्याचे दोन्ही डोळे एकाच अंगाला येतात. ती तिरपी. एका माशाच्या डाव्या कुशीवर जुन्या जखमेचा चौकोनी डाग होता, ती ठिगळी. हे नाव अर्थातच माझ्या धंद्यातून उचललेलं. आणि चार हात पुरे, पाचवा नुकता फुटू लागलेला असा एक तारामासा होता, तो साडेचार. संध्याकाळी भाजी निवडताना ती सांगायची की आज साडेचारच्या बरणीला तडा गेला, त्याला दुसरी दिली. जणू कुणाची खोली बदलून दिली.

या वह्या तिनं मला आणि भावाला सोडून कुणाला दाखवल्या नव्हत्या. लोक हसतील म्हणायची.

गिऱ्हाईक गेल्यावर मी मेहुण्याला म्हणालो, "देतो. पण तिनं काढलंय तसंच. पाय नसेल तर नसेल. मागून लावायचा नाही."

त्यानं माझे दोन्ही हात धरले, टेप आणि खडूसकट. "ताईची शपथ, दाजी," तो म्हणाला.

गुरुवारी माझं दुकान बंद असतं. पुढच्या गुरुवारी मी त्याच्या ऑफिसात गेलो. सायकलच्या दुकानावरची लांबट खोली होती. जिन्यात टायरचा वास, आणि वर खिडक्यांना काळे कागद लावलेले, पडद्यावर उजेड पडू नये म्हणून. समुद्रातले जीव बनवायचं काम एका मुलीकडे होतं. सगळे तिला चष्मेवाली म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. ती मला काका म्हणायची. तिनं मला काम कसं चालतं ते दाखवलं. जीवाचं अर्धं अंग बनवायचं आणि उरलेलं अर्धं कॉम्प्युटरला आरशासारखं उलटं छापायला सांगायचं. निम्म्या कष्टात पुरा मासा.

मी म्हणालो, आम्हीही कापड दुमडून कापतो, पण माणूस काही दुमडून बनवलेला नसतो. एक खांदा खाली असतोच. तो बघितला नाही तर कोट एका बाजूनं उचलतो. तिला खोटं वाटलं. खिशात टेप होती, मी तिथंच तिची मापं घेतली. उजवा खांदा बोटभर खाली निघाला. बाकीचे हसायला लागले, म्हणाले की दिवसभर माउस ओढून ओढून तो खांदा झिजला असणार. तीही हसली. मग तिनं वही उघडली, पैलवानाचं पान समोर लावलं आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या बनवायला घेतल्या.

दुसऱ्या गुरुवारी तिनं विचारलं, "काका, हा चालायचा कसा?"

बरणीतला खेकडा कसला चालतोय. पण हा प्रश्न बायकोलाही पडला होता आणि तिनं तो सोडवला होता. डावीकडे पाय कमी, उजवीकडे नांगीचं ओझं, म्हणजे हा उजवीकडे ओढत, मध्ये मध्ये थांबत चालत असणार. एकदा स्वयंपाकघरात तिनं मला चालून दाखवलं होतं, हातात उलथणं वर धरून. मी ऑफिसात तसाच चाललो. उलथणं नव्हतं म्हणून छत्री घेतली. सगळे खुर्च्या सोडून बघायला आले. मेहुणा दारात उभा होता. तो हसला नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी पडद्यावर वाळूतून पैलवान चालत आला. उजवीकडे ओढत, थांबत, पुन्हा ओढत. मी पाणी मागितलं.

तेव्हापासून माझे गुरुवार ठरून गेले. खिडकीजवळचं एक मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, माझं झालं. त्यावर कुणीतरी चिठ्ठी चिकटवली, काकांचं मशीन. मी वही शेजारी धरायचो आणि ट्रायल घेतो तसा एकेक जीव तपासायचो. इथं डाग खाली हवा, हा पर एवढा ताठ नको. ती निमूटपणे बदलायची. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस मी गुरुवारकडे बघून काढायचो, हे खरंच आहे.

खेळ बाहेर काढायच्या आधी काही लोकांना तो खेळून चुका शोधायला देतात. त्यांची पहिली यादी आली तेव्हा चष्मेवालीनं मला वाचून दाखवली. चूक एक, खेकड्याला पाय कमी. चूक दोन, चपट्या माशाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला, तातडीनं दुरुस्त करा. चूक तीन, तारामाशाचा हात अर्धवट, फाईल पुरी आलेली नाही असं वाटतं. आम्ही पोट धरून हसलो. मेहुणा म्हणाला, "लिहू देत. दाजींना शब्द दिलाय." मला वाटलं, बायको असती तर हे ऐकून तिनं त्याच्यासाठी काहीतरी गोड केलं असतं.

नवा भाग बाहेर आला तो मंगळवार होता. माझ्या दुकानासमोर सलून आहे. सलूनवाल्यानं गिऱ्हाइकांसाठी भिंतीवर टीव्ही लावलाय. माझ्याकडून ऐकून ऐकून त्याला सगळ्या माशांची नावं पाठ झाली होती, आणि त्या दिवशी त्यानं मुद्दाम तो खेळ आणून टीव्हीला जोडला. दुपारी मला हाक मारली. "मास्तर, या. वहिनींचा समुद्र लागलाय." दाढीला आलेल्या दोघांना त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की हे सगळे मासे मास्तरांच्या मिसेसनी काढलेत. एकानं साबण लावलेल्या तोंडानं मला नमस्कार केला.

मी बसलो. पाणबुड्या खाली गेला, दिवा वाळूवर पडला. एक खेकडा आला. दोन्ही नांग्या मोठ्या, दोन्हीकडे चार चार पाय, कवायतीला निघाल्यासारखा चालत होता.

"आला पैलवान," सलूनवाला म्हणाला.

"हा नव्हे," मी म्हणालो. "हा कुठला तरी दुसरा."

"अहो, वर लिहिलंय की."

खरंच लिहिलं होतं. ज्या जीवावर दिवा पडतो त्याचं नाव वर उमटतं. पैलवान. मग एक मासा आला, दोन बाजूंना दोन डोळे, उभा पोहत होता. नाव तिरपी. तारामासा आला, पाच हात, पाचही एका मापाचे. त्याचं नाव साडेचार कशाला, हे कुणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कुणास ठाऊक. मग ठिगळी आली. डाव्या कुशीवर डाग होता. मला बरं वाटलं. ती वळली, आणि उजव्या कुशीवरही तोच डाग, त्याच मापाचा, त्याच जागी. पाठोपाठ लाल ठिगळी, पिवळी ठिगळी, हिरवी ठिगळी, सगळ्यांना दोन्हीकडे डाग.

चाळीस वर्षं मी ठिगळं लावतोय. कापड एका जागी फाटतं. दोन्ही बाजूंना एकाच मापाचं फाटलेलं कापड माझ्याकडे अजून आलेलं नाही. मला कळलं की हा समुद्र दुमडून कापलाय.

तरी पहिला विचार असा आला की सलूनवाल्यानं भलतंच काहीतरी आणलं असेल. स्वस्तातलं, नकली. मी दुकानाला कुलूप लावून तडक ऑफिसात गेलो. तिथं पेढे नव्हते की गडबड नव्हती, सगळे दमून बसले होते. मी माझ्या मशीनवर गेलो. पैलवान उजवीकडे ओढत चालला होता. एक नांगी मोठी, एक लहान. माझ्या जिवात जीव आला.

चष्मेवालीला म्हणालो, "सलूनमध्ये कुणीतरी तुमचा खेळ चोरून भलताच विकलाय बघ."

तिनं चष्मा काढला आणि ओढणीनं पुसत राहिली. बराच वेळ पुसला. मग म्हणाली, "काका, हे फक्त ह्या मशीनवर आहे."

कधीपासून, असं मी विचारलं. अडीच महिने, ती म्हणाली. मी मनात हिशेब केला, दहा गुरुवार. पण त्या दहा गुरुवारी मी नवे जीवही तपासले होते. शेवंड, सात हातांचा ऑक्टोपस, तुटक्या शेपटीचा घोडामासा. ते कुठून आले? तेही ह्याच मशीनसाठी, ती म्हणाली. एक बाहेरच्यांसाठी बनवायची आणि मग काम संपल्यावर थांबून एक माझ्यासाठी. मी यायच्या आधी ते चालू करून ठेवायची. मी "हा डाग खाली घे" म्हणालो की ती खाली घ्यायची. तो खाली घेतलेला डाग माझ्याशिवाय कुणीच बघणार नव्हतं.

मला तिचा राग यायला हवा होता. राग आला नाही, लाज वाटली. एवढी माणसं खोलीत होती, त्या सगळ्यांना माहीत होतं, आणि मी तिथं छत्री वर धरून चालत होतो.

मेहुणा आतून आला. माझ्याकडे आणि मशीनकडे बघितलं आणि काय झालं ते त्याला समजलं. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. सांगायला लागला. याद्या येतच राहिल्या, खेळणाऱ्यांना वाटतं की आपण पाय लावायला विसरलो. वरच्या कंपनीनं तारीख अलीकडे आणली. दोन्ही बाजू वेगळ्या करायच्या तर आठवड्याला तीन जीव होतात. आरसा लावला की सहा होतात, आणि रंग बदलले की अठरा. चाळीसचा आकडा दुसऱ्या कुठल्याही रस्त्यानं गाठता येत नव्हता. सात जणांची घरं त्यावर होती.

"व्हरायटी हवी म्हणून आला होतास ना माझ्याकडे?" मी विचारलं.

"हो."

"मग तिच्या वहीत होती ती कुठं गेली?"

तो पडद्याकडे बघायला लागला.

"बरं, ते तुझं काम. मला त्यातलं कळत नाही. मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वह्या परत नेल्या असत्या," तो म्हणाला. तेवढं खरं बोलला. मग हळूच म्हणाला, "आणि गुरुवारी यायचं बंद केलं असतंत. ताई गेल्यापासून तुम्ही हसलेले मी इथंच बघितलं, दाजी."

मी म्हणालो, "ट्रायलला एक कोट घालायचा आणि पिशवीत दुसराच भरून द्यायचा, हे मी आजवर केलेलं नाही. गिऱ्हाईक कितीही दुःखात असलं तरी."

त्याला वाटलं, मी थोडा निवळलोय. तो उठला, दुसऱ्या मशीनवर खेळाचा शेवट लावून दाखवला. खेळ संपला की बनवणाऱ्यांची नावं वर सरकत जातात. ती सगळी गेली, पडदा काळा झाला, आणि मग माझ्या बायकोचं नाव आलं. एकटं, मध्यभागी. खाली लिहिलं होतं, समुद्रातले सगळे जीव हिच्या हातचे. हे त्यानं माझ्यासाठी राखून ठेवलं होतं, खेळ पुरा झाल्यावर दाखवायला.

"काढ ते," मी म्हणालो.

"काय?"

"नाव काढ. ह्यातलं एकही तिच्या हातचं नाही."

त्याचा चेहरा पडला. नऊ वर्षांचा असताना आमच्या घरी पहिल्या दिवशी जेवायला बसला होता, तेव्हा असाच दिसत होता. "ती माझीही बहीण होती, दाजी," तो म्हणाला.

"होती. शपथ तिचीच घेतली होतीस."

शेवटी तो म्हणाला की नाव लगेच निघणार नाही, पुढची सुधारणा पंधरा दिवसांनी जाईल, तेव्हा काढतो. मी म्हणालो, पंधरा दिवसांनी काढ. चष्मेवालीनं वह्या आणून दिल्या, मी पिशवीत भरल्या. मेहुणा म्हणाला, "हे मशीन तरी घेऊन जा. सगळे आहेत त्यावर, जसे ताईनं काढलेत तसे. घरी ठेवा."

मी नको म्हणालो. घरात नेलं असतं तर जे झालं ते मला चाललं, असा त्याचा अर्थ झाला असता. जिन्यानं उतरताना एवढंच मनात येत होतं की पैलवान आता चालेल तो कुणासमोर. न्यायला हवं होतं, असं अजूनही अधूनमधून वाटतं.

गुरुवार पुन्हा मोकळे झाले. मी दुकान गुरुवारीही उघडायला लागलो.

सलूनवाल्याला मी यातलं काही सांगितलं नाही. तो फावल्या वेळात खेळत राहिला आणि तीनेक आठवड्यांत शेवटाला पोचला. वहिनींचं नाव येणार म्हणून त्यानं खुर्च्यांवरच्या गिऱ्हाइकांना थांबवून ठेवलं होतं म्हणे. नावं सरकत गेली, पडदा काळा झाला, आणि पुन्हा पहिल्या पानावर आला. तो खांद्यावरच्या टॉवेलसकट रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आला.

"मास्तर, तुमच्या मेहुण्यानं तुमचा केसानं गळा कापला," तो म्हणाला. "मी वस्तरा घेऊन बसतो, पण हे काम मला जमलं नसतं. सख्ख्या बहिणीचं नाव गाळलं त्यानं."

माझ्या हातात खडू होता. नाव मीच काढायला लावलं, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी कापडावर रेघ मारली आणि म्हणालो, "जाऊ दे, चालायचंच." ते ऐकून तो जास्तच भडकला. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक दुकानाला ही गोष्ट कळली होती.

मेहुणा आला तो त्यानंतर दहाएक दिवसांनी. आमच्याकडे राहायला आला तेव्हापासून तो केस ह्याच सलूनमध्ये कापतो. कामाच्या धबडग्यात केस कानांवर आले होते. आधी माझ्या दुकानाकडे यायचं की सलूनमध्ये, असं त्याचं रस्त्यात उभं राहून चाललेलं मला मशीनवरून दिसत होतं. शेवटी तो सलूनच्या पायरीवर चढला.

आत तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. सलूनवाला कंगवे धूत होता. तो बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "खुर्ची रिकामी नाही. बहिणीला विसरणाऱ्याचे केस मी कापत नाही. मास्तर साधा माणूस आहे म्हणून खपवून घेतोय."

शेजारचा किराणावाला बाहेर आला. दोन बायका थांबल्या. मेहुणा पायरीवरच वळला आणि रस्त्यापलीकडून माझ्याकडे बघायला लागला. नाव कुणी काढायला लावलं हे तिथं दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला. तो सांगू शकला असता. तो बोलला नाही. नुसता बघत उभा राहिला, मी काही बोलतो का म्हणून.

मी खाली बघितलं. एक बाही अर्धी जोडून झाली होती. मी मशीनचं पायडल मारलं आणि उरलेली शिलाई घातली, सावकाश, शेवटपर्यंत. दोरा तोडून वर पाहिलं तेव्हा पायरी रिकामी होती, आणि सलूनवाला मला हातानं खूण करत होता की काळजी करू नका, घालवला त्याला.